चौदा नंबरचं पाणी कोण पितं?

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर नम्रताने बादली खाली ठेवली. खालून निघताना काठोकाठ भरलेलं पाणी आता अर्ध्यावर आलं होतं. उरलेलं सगळं जिन्यावर. म्हणजे आता कुणीतरी दार उघडून जिना ओला केल्याबद्दल बोलणार. बोला, तिने मनात म्हटलं. रांगेत उभे राहा आणि बोला.

नव्या घरात आल्यापासून नम्रता हेच करत होती. रामटेक्यांचं बिऱ्हाड वर्ध्याहून कर्वेनगरला आलं, तेव्हा तिला वाटलं होतं की पहिले काही दिवस खोकी उघडण्यात, पडदे लावण्यात आणि तिच्या धाकट्या भावाशी, योगेशशी, खिडकीजवळच्या जागेवरून भांडण्यात जातील. बाबा खराडीच्या ऑफिसात नोकरीला होते आणि आजवर एकटेच, चार जणांच्या खोलीत कॉट बेसिसवर राहत होते. दिवाळीला यायचे, उन्हाळ्यात यायचे, आणि घराला त्यांची सवय होते न होते तोच निघायचे. आता कुठे सगळे एका छपराखाली आले होते. छप्पर होतं, भिंती होत्या, दारावर ‘१४’ अशी पितळी पाटीही होती. नळाला पाणी तेवढं नव्हतं.

थेंबभरसुद्धा नव्हतं. तोटी सोडली की ती एकदा घसा खाकरायची आणि गप्प बसायची.

सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथ आजोबा शेजारीच, पंधरा नंबरमध्ये राहत. डोक्यावर कापसासारखे पांढरे केस, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. पहिल्याच दिवशी त्यांनी बाबांना आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर नेमकं कुठल्या बाजूला, तेही विचारलं. बाबा नुसते हसले. ते हसू नम्रताला ओळखीचं होतं; ते त्यांना हसू येतं तेव्हाचं नव्हतं.

पाण्याचं सांगितल्यावर आजोबा बाबांना आणि नम्रताला गच्चीवर घेऊन गेले. या इमारतीत प्रत्येक फ्लॅटची वेगळी टाकी होती आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर लिहिला होता. आजोबांनी जिन्याच्या दारातूनच काठीने ‘१४’ दाखवली. बाबांनी झाकण उचललं. टाकी तुडुंब होती.

“सोसायटीचं काम टाकी भरणं,” आजोबा म्हणाले. “ती भरलेली आहे. आता त्या पाण्याला हाताला धरून तुमच्या नळापर्यंत आणायचं का आम्ही?”

मग प्लंबर आला. त्याने पाइपावर पाना आपटला, कान लावला, ‘एअर पकडलीये’ असं म्हणाला, नवी तोटी बसवली आणि गेला. नवी तोटी जुनीपेक्षा जरा जोरात खाकरायची, एवढाच फरक. घरमालक परदेशात. त्यांना फोन केला, तर ते म्हणाले सेक्रेटरींना भेटा.

खाली पार्किंगमध्ये एक नळ होता. त्यावर पाटी होती : ‘हा नळ फक्त गाड्या धुण्यासाठी आहे. माणसांनी पाणी नेऊ नये.’ हे मोठ्या माणसांनी बैठक घेऊन, चहा पिऊन ठरवलं होतं. वॉचमन महिपती नम्रता आली की पाठ फिरवून उभा राहायचा आणि हलक्या आवाजात म्हणायचा, “मी काय बघितलं न्हाय. बिगी बिगी भर.”

आईला सातवा महिना होता. तिने काही उचलायचं नाही, असं बाबांनी बजावलं होतं. पण बाबा सकाळी बस पकडून खराडीला जायचे ते अंधार पडल्यावर यायचे, आणि भांडी काही त्यांची वाट बघत थांबत नसत. एकदा नम्रता दूध आणायला गेली होती. परत आली तर आई दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसलेली. शेजारी बादली. एक हात पोटावर, ओठ पांढरेफटक.

“काही नाही झालं,” आई म्हणाली. “थोडा दम घेऊन राहिली मी. बाबांना नको सांगू.”

नम्रताने सांगितलं. डॉक्टरांनी आईला जिना चढायला-उतरायला मनाई केली. बाबा त्या रात्री न जेवताच बाल्कनीत उभे राहिले. मग आत येऊन म्हणाले, की रविवारच्या गाडीची तिकिटं काढली आहेत. आई, नम्रता, योगेश, तिघांनी वर्ध्याला जायचं. बाळ तिकडेच होऊ दे. शाळाही तिकडचीच राहू दे. मी इथे बघतो माझं.

नम्रताला ओरडायचं होतं. पण कुणावर? बाबांवर ओरडून काय होणार? ते आधीच असे दिसत होते, जणू कुणी त्यांना वर्गाबाहेर उभं केलंय. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सोसायटीतल्या दोघांशी मात्र तिची गट्टी जमली होती. एक बद्रीनाथ आजोबांची नात राजनंदिनी, आणि दुसरा पहिल्या मजल्यावरचा विश्वजीत. त्याची आई घरी केक करून विकायची, म्हणून त्याच्या खिशात कायम चॉकलेटचे तुकडे असत. राजनंदिनीला नम्रताच्या बोलण्याची गंमत वाटायची. “‘पाणी येऊन राहिलं का’ म्हणजे काय गं? येऊन मुक्काम करतं की काय पाणी?”

“आमच्याकडे निदान येऊन तरी राहतं,” नम्रता म्हणाली. “तुमच्याकडे येतच नाही.”

राजनंदिनीने हात जोडले. पण रविवारच्या गाडीचं ऐकलं तेव्हा तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, यार, हे फार झालं. आपण एकदा ती टाकी नीट बघू.

गच्चीला कुलूप होतं, आणि दारावर ‘मुलांना सक्त मनाई’ अशी पाटी. किल्ली आजोबांच्या कमरेला. राजनंदिनी त्यांच्याकडे जाऊन फक्त एवढंच म्हणाली, की आजीने साबुदाण्याच्या चिकवड्या घातल्यात आणि ऊन वाया चाललंय. आजोबांच्या सगळ्या नियमांमध्ये चिकवड्यांपुरती एक फट होती. किल्ली मिळाली.

दुपारच्या उन्हात प्लास्टिकचा कागद पसरून, त्यावर विटा ठेवून, चौघं चौदा नंबरच्या टाकीपाशी गेली. विश्वजीतने झाकण उचललं. पाणी अर्ध्याच्याही खाली गेलं होतं.

नम्रता बघतच राहिली. सकाळी महिपती पंप लावून सगळ्या टाक्या भरतो, हे तिला ठाऊक होतं. तिच्या घरात थेंब आला नव्हता. मग हे पाणी गेलं कुठे?

“गळती?” विश्वजीत म्हणाला. खाली वाकून बघितलं. गच्ची तव्यासारखी तापलेली आणि कोरडी ठणठणीत.

“कुणीतरी आमचं पाणी पिऊन राहिलंय,” नम्रता म्हणाली. या वेळी राजनंदिनी हसली नाही.

चोर शोधायचा कसा, यावर बरीच डोकी खाजवली गेली. योगेशने टाकीत मासा सोडायची आयडिया दिली. ज्याच्या नळातून मासा येईल तो चोर. त्याला गप्प करण्यात आलं. पण त्यावरूनच नम्रताला सुचलं. मासा नाही, रंग. विश्वजीतने घरातून केकचा लाल रंग आणला, आख्खी बाटली. खायचाच रंग असतो, कुणाला काही होत नाही, याची खात्री म्हणून योगेशने तो चाटून बघितला आणि मग दिवसभर सगळ्यांना लाल जीभ काढून दाखवत फिरला.

शनिवारी सकाळी टाक्या भरून झाल्या आणि चिकवड्या उलटायच्या म्हणून किल्ली पुन्हा हातात आली. बाटली चौदा नंबरच्या टाकीत उपडी झाली. वरून एका काठीने ढवळलं. पाणी छान गुलाबी दिसायला लागलं.

खाली बाबा सुट्टी असल्याने घरी होते आणि जमिनीवर बसून आईची बॅग भरत होते. आई त्यांना सांगत होती की जाडी चादर नको, तिकडे गरम असेल. दोघंही इतक्या हळू बोलत होती, की नम्रताला तिथे थांबवेना. ती जिन्यात येऊन बसली. समजा रंग कुठेच दिसला नाही तर? उद्या या वेळी आपण गाडीत असू.

थोड्याच वेळात पंधरा नंबरमधून आरोळी ऐकू आली.

दार धाडकन उघडलं. बद्रीनाथ आजोबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कापसासारखे केस गुलाबी. भुवया गुलाबी. खांद्यावरचा पांढरा बनियन लग्नातल्या फेट्यासारखा.

“कुणाचा हा चावटपणा?” ते गरजले.

खालच्या मजल्यांवरची दारं उघडायला लागली. राजनंदिनी आजोबांच्या मागे उभी होती आणि तिचा चेहरा आजोबांच्या बनियनपेक्षा वाईट दिसत होता. तिने नम्रताकडे बघून हळूच मान हलवली : नको बोलूस. तिचे आजोबा होते ते. नम्रताला ते कळलं. पण आत आईची बॅग भरली जात होती, हेही तिला माहीत होतं.

ती उठून उभी राहिली. “रंग मी टाकला. आमच्या टाकीत. चौदा नंबरच्या. आमच्या टाकीतलं पाणी तुमच्या बाथरूममध्ये कसं काय आलं, आजोबा?”

बाबा दारात आले. त्यांनी नम्रताच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिला मागे ओढलं नाही.

आजोबा एकदम सुरू झाले. मला चोर म्हणतेस? तीस वर्षं सेक्रेटरी आहे मी. कालची आलेली माणसं, यांना वळण नाही, संस्कार नाहीत, उद्याच्या उद्या नोटीस काढतो.

“पण चौदा म्हणजे आपलीच टाकी ना हो,” आतून आवाज आला. आजोबांच्या पत्नी, गोदाबाई आजी, हात पुसत बाहेर आल्या. “घर घेतलं तेव्हा आपला नंबर चौदाच होता.”

“काहीतरी काय बोलतेस? आपला पंधरा.”

“पंधरा तुम्ही केलात. तेरा नंबर अशुभ, तेराव्याची आठवण होते, असल्या घरात कोण राहणार, म्हणून बैठकीत तेरा रद्द केला. तेराचा चौदा झाला, चौदाचा पंधरा झाला. आपल्या मजल्यावरच्या सगळ्या दारांच्या पाट्या एकेकाने पुढे सरकल्या. तुम्हीच स्क्रू पिळलेत. आणि टाक्यांचे नंबर? ते कुणी बदलले?”

कुणीच नाही. आजोबांच्या तोंडावरूनच ते दिसत होतं.

नम्रताच्या डोक्यात सगळं झर्रकन जागेवर बसलं. त्यांचं दार म्हणजे खरं तर तेरा. आणि इतके दिवस सगळे शहाणे शेजाऱ्यांच्या टाकीत डोकावून ‘भरलेली आहे, भरलेली आहे’ म्हणत होते. ती गच्चीकडे पळाली. मागून किल्ली घेऊन बाकीची पोरं, मागून महिपती, मागून अर्धी सोसायटी.

तेरा नंबरची टाकी कोपऱ्यात होती. तिच्यावर मोडकी खुर्ची आणि फाटकी ताडपत्री टाकलेली. आत येणाऱ्या पाइपचा कॉक घट्ट बंद, आणि वर तारेने बांधलेला.

“मला नोकरीला लागल्या दिवशीच सांगितलं हुतं,” महिपती खाली बघत म्हणाला. “तेरा नंबर आपल्यात न्हाईच, ती टाकी बंद ठेव. म्या ठेवली.”

घर बरीच वर्षं रिकामं होतं, म्हणून कुणाचं अडलं नव्हतं. सातव्या महिन्यातल्या बाईचं अडलं, तेव्हा कुणाला आठवलं नाही. एका आकड्याला घाबरून मोठ्या माणसांनी एक आख्खं घर खोडून टाकलं होतं, आणि खोडल्याचंसुद्धा विसरून गेले होते.

महिपतीने तार कापली. टाकी विसळून घेतली, कॉक सोडला, पंप लावला. घरात नम्रताने तोटी उघडी ठेवली. तोटी खाकरली. तपकिरी पाणी थुंकली. पुन्हा खाकरली. मग धार आली, आधी गढूळ, मग स्वच्छ. योगेश नळाखाली डोकं घालून ओरडायला लागला आणि त्याला कुणी रागावलं नाही.

दारात गर्दी झाली. विश्वजीतचे बाबा म्हणाले, पोरांनी कमाल केली, पुढच्या बैठकीत सत्कार करू. गोदाबाई आजींनी नम्रताचा गाल कुरवाळला आणि म्हणाल्या, आमच्या घरातल्या गुलाबी डोक्यापेक्षा हे डोकं बरं. बद्रीनाथ आजोबा सदरा घालून आले. केस मात्र गुलाबीच होते. ते खूप वेळ घसा साफ करत उभे राहिले.

“शाबास,” ते अखेर नम्रताला म्हणाले. “डोकं लावलंस. चूक आमची झाली.” मग बाबांकडे वळून आवाज उतरवत म्हणाले, की त्या टाकीवर उद्याच चौदा लिहून घेतो, तेराचं काही मनात आणू नका.

“तेराच राहू द्या,” बाबा म्हणाले. “दारावरही तेराच लावा. आमच्यात तेरावं करत नाहीत, आजोबा. तुम्ही पहिल्या दिवशी जे विचारत होतात ना, त्याचं हे उत्तर समजा.”

आजोबांनी मान खाली घातली. गर्दी हळूहळू पांगली. राजनंदिनी तेवढी उंबऱ्यापाशी रेंगाळली. नम्रताने तिला आत ओढलं.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि आईकडे बघितलं. “गाडीची तिकिटं रद्द करू?”

“थांबा जरा,” आई म्हणाली. “आधी आंघोळ करून येते. मग सांगते.”

ती टॉवेल घेऊन आत गेली. कडी लागली. नम्रता बाथरूमच्या दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली. आत बादलीत पाणी पडत होतं, मग तांब्या बुडाल्याचा आवाज, मग अंगावरून ओघळून फरशीवर आपटणारं पाणी, पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी. आई आज पाणी पुरवून वापरत नव्हती. बाबा फोन हातात धरून तसेच उभे होते.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

“करा रद्द.”