मेन स्विचवरचं निळं कुलूप

ही गोष्ट खरी आहे.

विश्वास ठेवायची कुणावर बळजबरी नाही. पण जिच्यावर हे बेतलं तिनंच ते सांगितलंय. तिखटमीठ लावून सांगायचा तिचा स्वभाव नाही. एरवी तिच्या तोंडून चार शब्द काढायचे तर जीव मेटाकुटीला येतो.

आणि भुतं फक्त रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आधीच सावध व्हावं. हे भर दुपारी घडलं. जेवणाच्या सुट्टीत. लख्ख दिवे चालू होते, शेजारच्या खोलीत माणसं डबे खात होती…

आणि तरीही.

घरात तिला मुंगी म्हणत. लहानपणी सगळ्यांत बुटकी आणि सदा कसल्या ना कसल्या खटपटीत, म्हणून मुंगी. इंजिनिअरिंगला गेली तरी नाव सुटलं नाही.

तिच्या कॉलेजचा एक नियम होता. एक सत्र वर्गात बसायचं नाही, खऱ्या कारखान्यात जाऊन काम करायचं. त्याला प्लेसमेंट म्हणत. काम देणाऱ्यानं शेवटी कळवायचं की मुलीनं काम नीट केलं. तरच पुढचं वर्ष, नाहीतर वर्ष वाया.

मुंगीला कुठंच जागा मिळेना. सगळीकडे अर्ज करून झाले. कुठून उत्तरच नाही, कुठून "कळवतो" म्हणून गोड बोळवण. शेवटची तारीख डोक्यावर आली, आणि तेव्हा दादा धावून आला.

दादा म्हणजे मावसभाऊ. हिला सख्खा भाऊ नाही, त्यामुळे दादाच सगळं. सायकल त्यानं शिकवली, पोहायला त्यानं शिकवलं. तो एका मोठ्या धुलाई कारखान्यात सुपरवायझर होता. हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, पडदे, सगळं तिथं धुवायला यायचं.

"मी शब्द टाकलाय," दादा म्हणाला. "सोमवारपासून ये. आणि मुंगे, माझी लाज राखायची हं!"

आईचे डोळे भरून आले होते. मुंगीच्या जिवात जीव आला.

कारखान्यात वाफ, साबणाचा उग्र वास आणि कान बधिर करणारा घरघराट. मधोमध सगळ्यांत मोठं धुलाईयंत्र. त्याचा पोलादी ड्रम एवढा मोठा, की माणूस वाकून सहज आत शिरेल.

आणि शिरायचंच होतं. ड्रमच्या जाळीत धागे, टाचण्या, चिंध्या अडकायच्या. जेवणाच्या सुट्टीत यंत्र बंद करून कुणीतरी आत जाऊन ते उपसायचं. मुंगी बुटकी, त्यामुळे हे काम आपसूक तिच्याकडे आलं.

तिथं एक नियम होता. आत जाणाऱ्यानं मेन स्विचचा दांडा खाली ओढायचा, त्याच्या भोकात स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. कुलूप असेपर्यंत दांडा वर जातच नाही. म्हणजे यंत्र सुरू होत नाही.

प्रत्येकाचं कुलूप वेगळं, आणि त्याला किल्ली एकच.

नवीन कुलपाला किल्ल्या दोन येतात. त्यातली एक पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मोडायची, अशी तिथली रीत. मुंगीचं लाल कुलूप आलं तेव्हा दादानं किल्ली पकडीत धरली, हातोडीचा घाव घातला आणि दोन तुकडे तिच्या तळहातावर ठेवले.

"घे. आता तुझा जीव तुझ्याच खिशात."

सगळे हसले. मुंगीसुद्धा.

पहिले काही दिवस बरे गेले.

मग एका दुपारी ती आत बसून धागे ओढत होती… आणि आवाज आला.

टक… टक टक…

पोलादावर कुणीतरी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा.

तिला वाटलं, बाहेरून कुणी बोलावतंय. ती वाकून बाहेर आली.

कुणीच नव्हतं.

आणि मग तिचं लक्ष मेन स्विचकडे गेलं. दांड्यावर तिचं लाल कुलूप होतं. त्याच्या शेजारी… आणखी एक कुलूप होतं.

निळं, जुनं. आणि ओलं. त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

ड्रमच्या आत तिच्याशिवाय कुणीच नव्हतं. मग हे कुणाचं?

तिनं दादाला हाक मारली. दादा हात पुसत आला. "निळं" हा शब्द ऐकला आणि जागच्या जागी थांबला.

"कुठंय?"

तिनं वळून पाहिलं. दांड्यावर एकटं लाल कुलूप होतं. खाली फरशीवर पाण्याचं लहानसं थारोळं.

"वाफेनं डोळ्यांसमोर काहीबाही येतं," दादा म्हणाला. "जेवून घे आधी."

त्याच्या कपाळावर घाम डवरला होता. पण वाफेत सगळ्यांनाच घाम येतो, असं मुंगीनं स्वतःला समजावलं.

घडीच्या टेबलावर एक काकू काम करायच्या. दिवसभर चादरींच्या घड्या आणि अखंड बडबड. मुंगीनं त्यांना सहज विचारलं, "काकू, निळं कुलूप कुणाचं हो?"

काकूंचे हात थांबले. बडबडही थांबली, आणि हे दुसरं जास्त भीतीदायक होतं.

"तुला कुणी सांगितलं?"

"दिसलं मला."

काकूंनी इकडे तिकडे बघितलं. "तुझ्याआधी एक पोरगा होता. तुझ्यासारखाच, कॉलेजचा. चष्मिष म्हणायचो आम्ही त्याला. गुणी लेकरू गं. आत साफ करत होता… आणि यंत्र सुरू झालं."

"कुलूप असताना?"

"कुलूप लावलंच नव्हतं म्हणे त्यानं. तसंच ठरलं. आईबाप आले होते त्याचे. पोराच्या चुकीची माफी मागून गेले, हात जोडून."

"कुणी ठरवलं?"

"तुझ्या दादानंच सांगितलं ना सगळ्यांना. तोच होता तिथं." काकूंनी चादर झटकली. "मी नव्हते बाई. मला काही विचारू नकोस."

मुंगीला वाईट वाटलं. चष्मिषसाठी वाटलं, आणि दादासाठीही. बिचाऱ्यानं डोळ्यांसमोर पाहिलं असेल. म्हणूनच निळ्या कुलपाचं नाव काढताच घाबरला. दादा खोटं बोलेल, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. घरी तिनं यातलं अवाक्षर काढलं नाही. आई उगाच घाबरली असती आणि प्लेसमेंट सोड म्हणाली असती.

आवाज मात्र थांबला नाही.

ती आत गेली की… टक… टक टक. कधी पाठीमागून. कधी डोक्यावरून. एकदा तर मांडीखालच्या पत्र्यातून.

"कोण आहे?" तिनं एकदा विचारलं.

आवाज बंद झाला. आणि मग अगदी जवळ… कुणीतरी श्वास घेतला.

ओला, गुरगुरणारा श्वास. पाण्यात बुडालेला माणूस घेईल तसा.

ती बाहेर पळाली. दोन दिवस पोटदुखीचं निमित्त करून घरी बसली. मग दादाचा फोन आला. "अगं, असे खाडे केलेस तर मी काय लिहून देणार कॉलेजला?"

ती परत गेली.

तो दिवस पहिल्यापासून बिनसलेला होता. एका हॉटेलाचा माल आदल्या दिवसापासून तुंबला होता. चादरींच्या गाड्या दारापर्यंत लागल्या होत्या. मॅनेजर दादाला सगळ्यांदेखत बोलला होता, आणि दादा ज्याच्यात्याच्यावर खेकसत होता.

सुट्टी झाली. मुंगीनं दांडा खाली ओढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. बूट काढून ड्रमच्या दाराशी ठेवले आणि आत शिरली. रोज असंच.

आज आवाज नव्हता.

टकटक नाही, श्वास नाही. काहीच नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण अंगावर काटा आला. ती भराभर धागे ओढू लागली.

आणि बाहेर बारीक आवाज आला.

किल्लीचा… कुलपात फिरणाऱ्या किल्लीचा.

तिनं खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

"दादा?"

धाडकन दार बंद झालं.

मिट्ट काळोख. ती ओरडली, मुठी आपटल्या, पुन्हा ओरडली. जाड पोलाद आणि दाराला रबराची घट्ट कड, तिचा आवाज तिच्याच कानात घुमला. दांडा वर गेला की यंत्र आधी रिकामं फिरून घेतं, हे तिला पाठ होतं. ती गुडघे पोटाशी घेऊन वाट बघत बसली. आई आठवली.

बाहेर खट्कन आवाज झाला. दांड्याचा.

काही झालं नाही.

पुन्हा खट्. पुन्हा. कुणीतरी दांडा वर ढकलत होतं आणि तो जात नव्हता.

आणि मग तिच्या कानाशी… अगदी कानाशी…

टक! टक टक! टक!

हा आवाज हळू नव्हता. सगळा ड्रम दणाणला. तिचे दोन्ही हात गुडघ्यांभोवती होते. ती वाजवत नव्हती.

"अहो, आत कुणीतरी आहे! दार उघडा!" काकूंची किंकाळी ऐकू आली.

दार उघडलं. मुंगी फरशीवर कोसळली.

दादा स्विचजवळ उभा होता. त्याच्या एका हातात तिचं लाल कुलूप होतं, आणि त्यात किल्ली लटकत होती.

दुसरी किल्ली. जी तिच्यासमोर मोडली होती.

मोडली होती ती भलतीच कुठली तरी. कुणी कुलूप लावून घरी निघून गेलं तर काम अडायला नको, म्हणून हा पठ्ठ्या प्रत्येकाची दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवत होता. पहिल्या दिवसापासून. ते दोन तुकडे हिच्या हातावर ठेवून हसत होता तेव्हाही.

पण दादा तिच्याकडे बघत नव्हता. तो दांड्याकडे बघत होता.

दांड्यावर निळं कुलूप होतं. ओलंचिंब. पाणी टपटप गळत होतं. काकूंनी पाहिलं, गाडी ढकलणाऱ्यानं पाहिलं.

मग मॅनेजर धावत आला. सगळ्यांच्या नजरा वळल्या, परत फिरल्या… आणि दांडा मोकळा होता.

"काय झालं?" मॅनेजर ओरडला.

दादानं लाल कुलूप खिशात घातलं.

"हिनं कुलूपच लावलं नव्हतं, साहेब."

मुंगीला आधी कळलंच नाही की हे आपल्याबद्दल आहे. तिनं काकूंकडे पाहिलं. काकू खाली मान घालून घडीच्या टेबलाकडे वळल्या. गाडीवाला तर गाडी घेऊन निघूनही गेला.

"दादा, खिशात आहे तुझ्या," ती कशीबशी म्हणाली.

"घाबरलीय पोर," दादा मॅनेजरला म्हणाला. आवाजात केवढी माया! "मला वाटलं ही जेवायला गेली."

तिचे बूट ड्रमच्या दाराशी होते. दार लावायला तिथंच उभं राहावं लागतं. एक बूट त्याच्या पायाला लागून आडवा पडला होता.

ती घरी पोचायच्या आत मावशीचा फोन येऊन गेला होता. आईनं तिला जवळ घेतलं, गरम पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. मुंगी हुंदके देत सगळं बोलली. दादा, किल्ली, बंद दार. मेलेल्याचं मात्र काही सांगितलं नाही. आई आधीच घाबरलेली होती.

आईनं तिचे डोळे पुसले.

"मुंगे, कॉलेजात सांग की तूच विसरलीस."

"काय?"

"त्याची नोकरी जाईल गं. घर चालतं त्याच्यावर. आणि तुझं पत्रही त्याच्याच हातात आहे. तुला काही झालं नाही ना, मग झालं तर." आईनं तिच्या केसांतला धागा काढला. "त्या चष्म्यावाल्या पोराच्या वेळी केवढा खचला होता तो. महिनाभर झोप नव्हती. पुन्हा तसं नको व्हायला."

मुंगीनं हळूच मान वर केली.

चष्मिषबद्दल ती घरी एक शब्दही बोलली नव्हती.

"आई… तुला माहीत होतं? किल्लीचं?"

आई तिच्याकडे बघेना. हातातला धागा बोटाला गुंडाळत राहिली.

"शपथ घेतली होती त्यानं, मावशीसमोर. पुन्हा असं करणार नाही म्हणून. आणि तुला कुठंच जागा मिळत नव्हती ना…"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मुंगीनं कॉलेजात खरं काय ते सांगितलं. कुणी मानलं नाही. साक्षीला कुणी आलं नाही. प्लेसमेंट रद्द झाली, वर्ष गेलं. चष्मिषच्या घरचा पत्ता ती अजून शोधतेय. मावशीनं बोलणं टाकलंय. दादा त्याच जागी नोकरीला आहे.

ते यंत्र मात्र बंद पडलंय. काकूंनीच पुढे कधीतरी फोन करून सांगितलं. बाहेरून कारागीर आले, स्विच उघडून पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाले. पण दांडा वर जात नाही. त्यावर कुलूप नाही, काही नाही. आणि खालची फरशी कितीही पुसली तरी ओलीच राहते.

कशामुळे, ते कुणाला सांगता येत नाही.

मुंगीला मी विचारलं, की तुला त्या चष्मिषच्या भुताची भीती नाही वाटत?

"त्याची?" ती म्हणाली. "तो तर मला ओळखतही नव्हता."

ती अजून आईजवळच राहते, जाणार कुठं? आई रोज दारावर वाजवते. "मुंगे, जेवायला ये गं." तोच आवाज, तीच माया.

आणि मुंगी दाराच्या आत, श्वास रोखून… आई निघून जाईपर्यंत तशीच उभी राहते.