मेहुण्याच्या हातचा दोर

शेवटच्या तापात केंचीने कड्यावरचा मध मागितला होता. तो काही तिला मिळाला नाही. निदान वर्षश्राद्धाच्या पानात तरी तो पडावा, म्हणून हिरेकट्टे गावामागच्या राखीव जंगलात तिघे शिरले: तिचा नवरा बोम्मा, तिचा धाकटा भाऊ मास्ती आणि धुराचा टेंभा घेतलेला म्हातारा जवनकाका.

मध काढणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा, ही त्यांची जुनी रीत. बहिणीचं कुंकू स्वतःच्या हाताने कोण पुसेल? पण आता बहीणच उरली नव्हती, आणि मास्तीच्या मते तिला बोम्मानेच मारलं होतं. लहान पोरीला उशाशी घेऊन ती तापाने फणफणत असताना हा पठ्ठ्या गावच्या जमीनदार गौडाच्या आल्याच्या शेतात, मचाणावर बसून हत्ती हाकलत होता.

"गौडाचं आलं वाचलं ना, दाजी?" काटेरी जाळीतून वाट काढताना मास्ती म्हणाला. "झालं तर मग!"

बोम्मा कोयत्याने जाळी तोडत पुढे निघाला.

कड्याच्या टोकावर जवनकाका हळूच म्हणाला, "दोर मी धरू का रे?"

"काका, तुम्हाला टेंभा पेलला तरी पुष्कळ. तोच धरेल." बोम्माने दोर कमरेला आवळला आणि तो खाली उतरला.

खाली खोल दरी. काकाने टेंभा वेलीने खाली सोडून धूर दिला आणि माश्या उठताच तो वर ओढून घेतला. बोम्माने पोळं कापलं, टोपली भरत आली. एवढ्यात वर बांबू कडाडले.

"हत्ती! मास्ती, पळ!" काका किंचाळला.

दोर सैल पडला! बोम्मा हातभर खाली कोसळला, कड्यावर आपटला. संपलं! मग दोराला हिसका बसला आणि तो अधांतरी लोंबकळत राहिला. माश्या डोळ्यांवर तुटून पडल्या.

"सोड, मास्ती! पोरीला सांभाळ!"

दोर ताणलेलाच राहिला. बोम्माने कोयता काढला आणि कमरेच्या भरल्या टोपलीची दोरी कापून टाकली. केंचीचा मध दरीत गेला. भार हलका होताच दोर इंचाइंचाने वर सरकू लागला.

वर मास्ती दोर कमरेला गुंडाळून खडकाआड आडवा पडला होता. तळहातांची सालटी निघाली होती. टेंभा गरागरा फिरवत काका हत्तीवर ओरडत होता. अखेर हत्ती वळला आणि बांबूत शिरला.

"का नाही सोडलास?" कड्यावर चढून येताच बोम्माने धापा टाकत विचारलं.

"पोरीची आई गेली. आता मामानेच बाप मारला, हे तिला कोण सांगणार? तुम्ही?"

बोम्मा मुंडासं फाडून त्याच्या हातांना बांधायला गेला. मास्तीने हात मागे घेतले.

"दोर धरला, दाजी. माफ केलेलं नाही," असं म्हणून तो गावाच्या वाटेला लागला.