मोजताना खोलीत कुणी नसतं

"बघ, पुन्हा एकदा नीट बघ," असं म्हणत डॉ. श्रीपाद बोडसने पडद्यावरच्या दोन रेघा बोटांनी ताणून मोठ्या केल्या. एक निळी, एक लाल. कितीही मोठ्या केल्या तरी लाल रेघ निळीच्या पोटातून बाहेर यायचं नाव घेईना. "दोन वर्धक आणि आवाज एकच. फरक शून्य. आता मी काय करू? रेघा वाकवू?"

"रेघा नको वाकवूस. तुझी मान जरा वाकव आणि माझं ऐक!" डॉ. नसीमा सतारमेकर कडाडली.

मिरजेच्या ध्वनी-प्रमाण संस्थेतली ती मुख्य श्रोता. बाजारात येणारं प्रत्येक ध्वनियंत्र आधी बोडसच्या उपकरणांपुढे जायचं आणि मग नसीमाच्या कानांपुढे. तीन महिन्यांपूर्वी 'सुरंजन' नावाचा एक नवा वर्धक तिच्याकडे आला. वर्धक म्हणजे ज्याला लोक अजूनही अ‍ॅम्प्लिफायरच म्हणत. उत्तम प्रतीच्या ध्वनिक्षेपकांवर हा वर्धक इतरांपेक्षा वेगळा आणि अधिक गोड वाजतो, असा अहवाल तिने दिला. झालं! बोडसच्या उपकरणांना फरक सापडला नाही, प्रतिस्पर्धी कंपन्यांनी बोंब ठोकली, आणि मुख्य श्रोत्याने कान विकले अशी बातमी गावभर झाली. सोमवारी चौकशी समिती बसणार होती. तिथे फरक सिद्ध झाला नाही, तर नसीमा लाचखोर ठरणार होती आणि पुन्हा कुठल्याही यंत्रासमोर श्रोता म्हणून बसण्याचा तिचा हक्क जाणार होता.

लाचेच्या आरोपाने ती संतापली होतीच. पण खरी आग वेगळीच होती. दिवाणखान्यात मोटारीच्या किमतीचे ध्वनिक्षेपक मांडायचे आणि त्यांना जोडायला दुसऱ्या मोटारीच्या किमतीचा वर्धक आणायचा, अशा हौशी मंडळींची तिने आयुष्यभर टर उडवली होती. हा वर्धक रेशमी वाजतो आणि तो मखमली वाजतो म्हणणाऱ्यांना तिने भर सभेत कापडाच्या दुकानाचा पत्ता दिला होता. आता त्याच मंडळींच्या पंगतीत लोकांनी तिला पाट मांडून दिला होता.

"वर्धकाचं काम काय?" बोडसने पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगावं तसं सुरू केलं. "विजेचा तरंग जसा आला तसाच मोठा करून पुढे धाडायचा. आवाजाची पातळी सारखी ठेवली आणि ताकदीबाहेर ताणलं नाही, तर नीट बनवलेले दोन वर्धक कानाला वेगळे कळतच नाहीत. हे तूच—"

"मीच शिकवते, माहीत आहे मला! माझंच पाठांतर मला म्हणून दाखवू नकोस. पडदा लाव."

बोडसने वर्धकांपुढे कापडी पडदा लावला. पडद्यामागे संस्थेचा जुना, खात्रीचा वर्धक आणि सुरंजन. कधी हा जोडायचा, कधी तो, हे बोडस नाणं उडवून ठरवत होता. नसीमा डोळे मिटून ऐकायची आणि नाव सांगायची. ती एकदाही चुकली नाही. जोडणी बदलताना खटका ऐकू येत असेल म्हणून बोडसने खटक्याची सोय काढून टाकली, तरी ती चुकली नाही.

"आता तू बस," ती म्हणाली. "बस ना! की तुझ्या कानांना सुट्टी आहे?"

तो बसला. जोडणी बदलायला तिने प्रयोगशाळेतला यंत्रहात लावून दिला. थोड्या वेळाने बोडसचीही उत्तरं बरोबर यायला लागली आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"किती मिळाले रे तुला?" नसीमाने विचारलं. "कान विकल्याचे?"

"चेष्टा पुरे. मी परत मोजतो." तो उठला, दाराशी गेला आणि सवयीने म्हणाला, "चल, बाहेर हो."

ती उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. "बाहेर का?"

"का म्हणजे? माणसाचं अंग आवाज शोषतं. मोजणी बिघडते. मोजताना खोलीत कुणी नसतं, हा पहिला धडा आहे आपल्या शास्त्राचा."

"आणि ऐकताना?"

"ऐकताना काय?"

"ऐकताना खोलीत कोण असतं, शहाण्या?"

बोडसच्या हातातून दाराची मूठ सुटली. त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्यासकट खोलीची मोजणी लावली. आधी जुन्या वर्धकावर आणि मग सुरंजनवर. अंग दोन्ही वेळा तेच, त्यामुळे शोषण सारखंच. पण या वेळी रेघा सारख्या आल्या नाहीत. वरच्या सुरांच्या पट्ट्यात सुरंजनची लाल रेघ निळीला सोडून खाली उतरली होती. नसीमा बाहेर गेली की लाल रेघ पुन्हा निळीला जाऊन चिकटे आणि नसीमा आत आली की सुटे.

"म्हणजे याला कळतं," बोडस म्हणाला, "खोलीत कुणी आहे ते."

त्याने सुरंजनचं झाकण उघडलं. दुपारभर तो त्यात नाक खुपसून बसला होता. शेवटी त्याने वर पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती आणि कौतुक यांची अगदी चीड आणणारी सरमिसळ होती.

"ध्वनिक्षेपकाचा पडदा विजेने हलतो आणि आवाज होतो, बरोबर? आता उलटं कर. खोलीतल्या आवाजाने पडदा हलला तर तारेत वीज निर्माण होते, आणि ती वर्धकाकडे परत जाते. म्हणजे प्रत्येक ध्वनिक्षेपक थोडासा माईकही असतो. ही उलटवीज इतकी क्षीण असते की सगळे वर्धक ती गिळून टाकतात. हा गिळत नाही, वाचतो. स्वतः धाडलेली वीज त्यातून वजा करतो, आणि मग उरतं ते खोलीतलं. खुर्चीची करकर, चुळबुळ, श्वास."

"श्वास?"

"मुख्यतः श्वासच. श्वासवाचक म्हण हवं तर. कुठल्या प्रकारच्या आवाजाला ऐकणाऱ्याचा श्वास अडखळतो, ते हा शिकतो आणि तेवढा आवाज घासून काढतो. धार, करकर, अचानक येणारा घाव. स्वस्त ध्वनिक्षेपकांचे पडदे एवढे हळवे नसतात, म्हणून फरक फक्त भारी ध्वनिक्षेपकांवर." तो हसला. "नसीमा, सुटलीस तू! फरक आहे, आणि तो मोजता येतो."

नसीमा हसली नाही. चाचणीसाठी ती नेहमी ठरावीक छोटे तुकडे वापरायची, पण आज तिने गोदाक्का टेंब्यांच्या भैरवीचं ध्वनिमुद्रण काढलं. गोदाक्का तिच्या गुरू. घशाच्या आजाराने आक्का जायच्या आधीची ती शेवटची मैफल. त्या भैरवीत तार षड्जावर आक्कांचा आवाज फाटतो, क्षणभर नुसती हवा येते, आणि मग त्या फाटक्या आवाजानेच त्या तो सूर पुन्हा धरतात. तिथे नसीमाच्या छातीत आजही कळ यायची.

जुन्या वर्धकावर सूर फाटला. तिचा श्वास अडकला आणि डोळे भरले.

मग सुरंजन. सूर आला, छान गोल लागला, आणि पुढे गेला. कुठे काही फाटलं नाही. एखादी तब्येतीने उत्तम बाई सकाळी सहज गायला बसली होती.

"मेल्यांनो!" नसीमा ओरडली. "शिवला! आक्कांचा गळा शिवून टाकला! मरत होती रे बाई ती, आणि मरता मरता गात होती! ते पुसून टाकलं! आणि मी... मी याला गोड म्हटलं!"

बोडस पाणी आणायला गेला. ती ते प्यायली नाही.

सोमवारी समिती संस्थेच्या नव्याने सजवलेल्या दालनात बसली. उंची लाकडी ध्वनिक्षेपक, मऊ खुर्च्या, चहा. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती विश्वंभर राजहंस. बोडसने रेघा दाखवल्या, उलटवीज समजावली. सुरंजन कंपनीचे समीरण ओगले उठले, त्यांनी हात जोडले आणि सगळं कबूल करून टाकलं.

"हो, आमचा वर्धक श्रोत्याचं ऐकतो. श्रोत्याला सुखावणं हा गुन्हा आहे का? थकूनभागून घरी आलेल्या माणसाला कशाला टोचायचं?"

माना डोलल्या. आता नसीमाची पाळी. व्यासपीठ ध्वनिक्षेपकांच्या मागे होतं. तिने माईक हातात घेतला आणि इतके महिने साठलेलं सगळं बाहेर काढलं.

"हे सुख नाही, हा दरोडा आहे! मेलेल्या माणसाचं रडणं चोरलंय यांनी! उद्या याच्यावर बातम्या लागतील. कुठे पूर आला, कुठे माणसं दगावली, आणि तुमच्या श्वासाला त्रास नको म्हणून हा ते सगळं गुळगुळीत करून तुम्हाला देईल. तुमचं पोर दुसऱ्या गावाहून फोनवर हुंदके देईल आणि तुम्हाला वाटेल की मजेत आहे! लाज वाटली पाहिजे हे बनवणाऱ्यांना, आणि जिने हे न ओळखता गोड म्हटलं त्या मलाही!"

तिचा घसा खरवडून निघाला होता, कपाळाची शीर तडतडत होती. समोर एका सदस्याने बशीत चहा ओतला. दुसऱ्या बाई तिच्याकडे पाहून मायेने हसत होत्या. 'दरोडा' या शब्दाला अध्यक्षांनी मान डोलावली होती. शेवटच्या रांगेत बोडस मात्र उभा राहून हातवारे करत होता, कानाकडे आणि मग ध्वनिक्षेपकांकडे बोट दाखवत होता.

नसीमा माईक घेऊन व्यासपीठावरून खाली उतरली, ध्वनिक्षेपकांच्या पुढे आली आणि पुन्हा ओरडली, "लाज वाटली पाहिजे!"

ध्वनिक्षेपकांतून तिचाच आवाज आला. मऊ आणि समंजस. हळदीकुंकवाला यायचं हं, असं सांगावं तसा.

"हे कुणी बसवलं इथे?" तिने विचारलं. तेही फार लाघवी ऐकू आलं.

"सुरंजन ना?" अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. "आपणच नाही का शिफारस केलीत, मॅडम? आपला अहवाल वाचूनच संस्थेने सगळ्या दालनांत बसवून घेतले. आठवडाभर बैठका कशा खेळीमेळीत चालल्या आहेत! आता निर्णय सांगून टाकतो. फरक सिद्ध झाला आहे, तेव्हा आपण निर्दोष आहात. आरोप मागे. इतकं होऊनही आपण ज्या शांतपणे बोललात, त्याबद्दल समिती आपली ऋणी आहे. आणि सुरंजनवर आपलाही काही विशेष आक्षेप दिसत नाही, तेव्हा विक्रीची परवानगी कायम."

टाळ्या पडल्या. ओगल्यांनीही वाजवल्या.

नसीमाने माईक जमिनीवर टाकला. दोन्ही मुठी समितीच्या टेबलावर आपटून, होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ती उघड्या गळ्याने ओरडली, "आक्षेप आहे! ऐका, माझा आक्षेप आहे!" शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला.

चहाचा कप लवंडला. हसणाऱ्या बाईंनी दचकून कानांवर हात ठेवले. अध्यक्षांचा चेहरा कळ आल्यासारखा आक्रसला. ते स्वतः खुर्चीतून उठले, खाली वाकून त्यांनी माईक उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"मॅडम, यावर बोला," ते अगदी काकुळतीने म्हणाले. "असं आम्हाला ऐकवत नाही हो."