ठशाची वीट

वीट नाहीशी होण्यात ग्रेग स्टॅनफिलचा फायदा होता, हे पाइन फेरी गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. चौकातलं जुनं कापूस-गोदाम पडलं की त्याच्या नव्या हॉटेलला गाड्या लावायला जागा मिळणार होती. फायदा मिस बिट्सी लॅनियर यांचाही होता. गोदाम आपल्या खापरपणजोबांनी 'पगारी गवंडी लावून' बांधलं, असं त्यांनी वारसा मंडळाच्या माहितीपत्रकात छापलं होतं, आणि ती वीट त्या पत्रकाला रोज खोटं पाडत होती.

तोटा एकट्या मिस अर्लीन गेदर्स यांचा होता.

वीट होती गोदामाच्या मागच्या भिंतीत, गल्लीच्या बाजूला. तिच्यावर लहान मुलीचा पंजा उठला होता. गुलामांची पोरं भट्टीवर ओल्या विटा उलटायची, त्यातलीच ती एक. ती आपल्या आजीची आजी, असं मिस अर्लीनच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते. सोमवारी राज्याचा अधिकारी येऊन वीट बाहेर काढून तपासणार होता. ती गुलामगिरीच्या काळातली ठरली, तर गोदामाला कुणी हात लावू शकणार नव्हतं. आणि गोदामातली मिस अर्लीनची खानावळ, त्यांच्या आईच्या हातची, आहे तिथेच राहणार होती.

शनिवारी, वारसा दिनाच्या ऐन गर्दीत, विटेच्या जागी भोक उरलं.

औषधाच्या दुकानावरच्या माडीत हेस्टर मॉबलीचं ऑफिस होतं. विमा कंपनीसाठी खोटे दावे उघडे पाडण्यात तिची हयात गेली होती. आता ती खाजगी तपास करायची. मिस अर्लीन जिना चढून आल्या तेव्हा त्यांच्या एप्रनला मक्याचं पीठ तसंच होतं. सकाळची पहिली सहल आली तेव्हा वीट जागेवर होती, पाहुण्यांनी फोटोही काढले होते. मग शाळेत खेळ शिकवणाऱ्या कोच पर्विसची प्रेतयात्रा गेली. त्यानंतर त्या गल्लीत खरकटं टाकायला गेल्या, तर हे भोक.

"पोलिसांकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "म्हणाले, एका विटेसाठी? तूच बघ पोरी. रडायला मला सोमवारनंतर वेळ आहे."

हेस्टर गाडी चालवत नसे. तिच्या बहिणीचा नवरा डेल्बर्ट तिला सगळीकडे नेई, आणि नेतो म्हणून तपासात आपलाही वाटा आहे असं धरून चाले. अंगाने ताडमाड, डोकं मात्र त्या उंचीवर जरा उशिरा पोचायचं.

गल्लीत हेस्टरने भोकाखालची लाल भुकटी चिमटीत घेतली. जुना चुना इतका मऊ, की स्वयंपाकघरातल्या सुरीनेही खरवडून निघाला असता. मग तिने मिस अर्लीनकडून पावडरच्या डबीतला आरसा मागून घेतला आणि टॉर्चच्या उजेडात भोकात धरला. बराच वेळ बघत राहिली. शेवटी एक फोटो काढला.

डेल्बर्टनेही वाकून पाहिलं. वीट जिथे बसली होती तिथल्या चुन्यात नुसते उंचवटे होते. "ओबडधोबड काम," तो म्हणाला.

"हो का," हेस्टर म्हणाली.

गल्ली जिथे मागच्या रस्त्याला मिळते तिथे ती जरा थांबली. तिथे एकही दुकान नाही, एकही खिडकी नाही, दोन्हीकडे गोदामांच्या पाठी. नेहमी प्रेतयात्रा चौकातून सरळ निघून जाते. पण पुलाच्या दुरुस्तीमुळे आज ती चौकातून वळून या मागच्या रस्त्याने गेली होती. कोचला पुरायचं होतं लांब खेड्यातल्या चर्चपाशी. गेलेली माणसं अजून परतली नव्हती.

स्टॅनफिल बँकेत सापडला. अटलांटाचा माणूस, बोलता बोलता फोन बघायचा. भोक पडल्याचं ऐकून त्याने दुःख दाखवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही, हे हेस्टरला आवडलं. तो सरळ महामार्गावरून आला होता आणि मागच्या रस्त्यावर प्रेतयात्रेत अडकला. बँकेच्या मॅनेजरला वेळ दिली होती, म्हणून शववाहिका आणि घरच्यांची गाडी यांच्या मधून त्याने आपली गाडी काढली.

डेल्बर्टचा चेहरा पडला. या गावात शववाहिका दिसली की समोरून येणाऱ्या गाड्यासुद्धा कडेला थांबतात; दारुडा असला तरी उभा राहतो.

"मधून?" त्याने विचारलं. "कोचच्या बायकोसमोरून?"

"कोण कोच?" स्टॅनफिल म्हणाला.

तेव्हापासून तो बँकेतच बसला होता, असं मॅनेजरने सांगितलं.

मिस बिट्सी मंडळाच्या सभागृहात पाहुण्यांना लिंबू सरबत वाढत होत्या. प्रेतयात्रा त्यांनी खिडकीतून पाहिली, चौकापुरती. जागा सोडली नाही, याला सरबत पिणाऱ्या ओहायोच्या डझनभर बायका साक्षीला होत्या. वीट गेल्याचं वाईट वाटलं का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, की जुनी भिंत आहे, विटा पडणारच. मागच्या उन्हाळ्यात डागडुजी केली तेव्हाही दोन निघाल्या होत्या. व्हिटेकर सर बिचारे उन्हात उभे राहून गवंड्यांवर लक्ष ठेवत होते, तुकडासुद्धा कुणाला उचलू दिला नाही.

लायल व्हिटेकर सरांनी या गावाला चाळीस वर्षं इतिहास शिकवला होता. निवृत्तीनंतर सहली तेच न्यायचे. त्या पंज्यापुढे उभे राहून ते पाहुण्यांना सांगायचे, की आपल्या आजोबा-पणजोबांनी काय केलं ते डोळे उघडे ठेवून बघा. आणि दर वेळी त्यांचा आवाज भरून यायचा. स्वतःचे पूर्वज गरीब मास्तर होते, गुलाम ठेवायची ऐपतच नव्हती, हे सांगायला ते विसरत नसत.

ते सभागृहाच्या पायऱ्यांवर उभे होते. पांढरा सूट, पांढरी गवती हॅट. वीट गेली हे ऐकून ते पायरीवर टेकले.

"अर्लीनला काय वाटलं असेल," ते म्हणाले. मग स्वतःच पुढे बोलू लागले: पहिली सहल संपवून ते इथेच होते, प्रेतयात्रा जाईपर्यंत हॅट काढून याच पायऱ्यांवर उभे होते. "शोध घ्यायचा तर त्या अटलांटावाल्याचा घे, हेस्टर. शववाहिका आणि घरच्यांच्या गाडीमध्ये जो माणूस आपली गाडी घुसवतो, त्याला एका पोरीच्या हाताची काय किंमत?"

हेस्टरने मान डोलावली.

गाडीत बसल्यावर डेल्बर्ट म्हणाला, "सरांची हॅट खराब झालीय. वर, चिमटीत धरून काढतात तिथे, लाल बोटं उठलीत. मला सगळ्यांची टाळकी वरूनच दिसतात ना."

"मग सांगायचं त्यांना."

"मी? त्यांनी मला नववीत दोनदा बसवलंय."

"डेल्बर्ट," हेस्टर म्हणाली, "आज पहिल्यांदाच मला तुझ्या उंचीचा उपयोग झाला."

संध्याकाळी तिने सगळ्यांना सभागृहात बोलावलं. स्टॅनफिल भिंतीला टेकून उभा राहिला. मिस अर्लीन दाराजवळ बसल्या. सरांनी हॅट मांडीवर ठेवली होती.

"चोराने वेळ नीट निवडली होती," हेस्टर म्हणाली. "प्रेतयात्रा चौकात आली की सगळं गाव पुढच्या बाजूला उभं राहणार, मागची गल्ली ओस पडणार. यात्रा आज मागून वळणार हे त्याला ठाऊक नव्हतं. वीट अर्धी सुटली होती आणि शववाहिका गल्लीच्या तोंडाशी आली. बाहेरचा चोर असता तर गल्लीत आत सरकला असता. हा याच गावचा. कोच जात असताना त्याला लपून राहता येईना. तो उभा राहिला. हॅट काढली, विटेच्या धुळीने भरलेल्या हातांनी. हात नंतर धुतले. हॅटचा माथा आपला आपल्याला दिसत नाही."

सरांनी खाली पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी पाहिलं.

"या गावात लाल माती कुठेही लागते," मिस बिट्सी म्हणाल्या.

"लागते. पण सर, तुम्ही पायऱ्यांवर होता म्हणता. स्टॅनफिलने गाडी घातली ती मागच्या रस्त्यावर. ते ज्यांनी पाहिलं ते सगळे यात्रेत होते, आणि तुम्ही मला सांगितलंत तेव्हा त्यातला एकही परतला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिल्याखेरीज ते दिसत नाही."

डेल्बर्टने विचारलं, "पण सरांना काय मिळणार होतं?"

"मिळणार काही नव्हतं. होतं ते जाणार होतं." हेस्टरने फोटो टेबलावर ठेवला. "विटेच्या खालच्या अंगाला भट्टीचं नाव दाबलेलं होतं. ते चुन्यात उलटं उठलंय. तू ज्याला उंचवटे म्हणालास ते. आरशात सुलटं वाचता येतं. व्हिटेकर. सरांना ते मागच्या उन्हाळ्यात कळलं, दोन विटा निघाल्या तेव्हा. म्हणून तुकडासुद्धा कुणाला नेऊ दिला नाही. सोमवारी अधिकारी वीट काढणार, म्हणजे भट्टी कुणाची आणि ती पोर कुणाची, दोन्ही एकदमच वाचली जाणार."

मग सर म्हणाले, वीट नदीत टाकली. मिस अर्लीनकडे वळून म्हणाले, "अर्लीन, तुझं नुकसान करायचं माझ्या मनात नव्हतं."

"माझा विचारच तुमच्या मनात नव्हता, सर," मिस अर्लीन म्हणाल्या. "वीट गेली तर गेली. सोमवारी त्या माणसाला एवढंच सांगा, की खाली कुणाचं नाव होतं. तुमचं तोंड आणि तो चुना, दोन्ही मिळून पुरेसं होईल. माझी चूल वाचेल."

सर रडले. सांगतो म्हणाले.

मिस बिट्सींनी सगळ्यांना विनंती केली, की घरातली गोष्ट घरात राहू द्यावी. रविवारी प्रार्थनेनंतर त्यांनी माणूस लावून ते भोक सिमेंटने बुजवून घेतलं. पाहुण्यांच्या पोरांनी हात घातला तर लागेल म्हणून.

सोमवारी अधिकाऱ्याने करडं ठिगळ पाहिलं, हेस्टरचा फोटो पाहिला, आणि विचारलं, हे भट्टीचंच नाव आहे असं कुणी सांगू शकेल का? व्हिटेकर सर त्याच्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, जुन्या चुन्यात काय वाटेल ते दिसतं.

डेल्बर्ट पुढे झाला होता. हेस्टरने त्याचा दंड धरला. वीट नदीत होती, चुना सिमेंटखाली होता, भिंत नगरपालिकेची होती, आणि तक्रार करायची ती महापौरांनी. तेही सरांचेच विद्यार्थी.

हिशेब असा मिटला. स्टॅनफिलला गाड्यांची जागा मिळाली. मिस बिट्सींना माहितीपत्रक नव्याने छापावं लागलं नाही. व्हिटेकर सरांनी तब्येतीच्या कारणाने सहली सोडल्या, तेव्हा मंडळाने त्यांना चांदीचं तबक दिलं. गोदाम पडायच्या आदल्या दिवशी सगळं गाव मिस अर्लीनकडे शेवटचं जेवायला आलं. तळलेला मासा होता, पीचची खीर होती. सरही आले, नेहमीच्या टेबलावर बसले, आणि त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

त्या दिवशी मिस अर्लीननी कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत. तेवढा हिशेब त्यांनी मिटू दिला नाही.