चौदा वाट्या फालूदा

रोशनक त्या दुकानात शिरली ती फालूद्यासाठी नव्हे, पंख्यासाठी. वाचनालयातला पंखा सकाळीच बंद पडला होता, हातात चौदा मुलांच्या वह्या होत्या आणि करमानचं तीर या ऐन उन्हाळ्याच्या महिन्यातलं ऊन डोक्यावरच्या रुमालातून थेट मेंदूपर्यंत पोचत होतं. समोर दिसलं ते पहिलं सावलीचं दार तिनं ढकललं. आत गुलाबपाण्याचा वास, नुकतीच पुसलेली फरशी… आणि गल्ल्यामागे दाट भुवयांचा एक उंच तरुण बर्फ किसत उभा.

तिनं एक वाटी मागवली, कोपऱ्यातल्या टेबलावर वह्या पसरल्या आणि हिरवी पेन्सिल काढून कामाला लागली. पेन्सिल चालू झाली की तिला जगाचं भान राहत नसे. तासाभरानं ती उठली, गल्ल्यापाशी आली आणि पर्स उघडली.

"राहू द्या, खानूम," तो म्हणाला. "तुमच्यापुढे याची काय किंमत. दुकान तुमचंच आहे."

करमानमधला प्रत्येक दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच म्हणतो. गिऱ्हाईक "छे छे" म्हणतं, तो पुन्हा "राहू द्या" म्हणतो, तिसऱ्या खेपेला पैसे घेतो आणि दोघंही सभ्य ठरून आपापल्या कामाला लागतात. याला तारोफ म्हणतात. रोशनकही तारोफातच लहानाची मोठी झाली होती. पण तासभर काटाकाट करून तिचा हात अजून थांबला नव्हता.

"हे वाक्य आज कितव्यांदा म्हणालात?"

तो जराही गडबडला नाही. छताकडे बघत त्यानं आठवून पाहिलं. "एकतीस जण झाले… तुम्ही बत्तिसाव्या. पण बाकीच्यांना म्हणताना मी हसलो नव्हतो."

"हेही तयारच वाटतंय."

"नाही हो, हे आत्ता सुचलं. अजून गारसुद्धा झालेलं नाही." मग त्यानं वह्यांकडे बोट दाखवलं. "मघापासून बघतोय, नुसती कापाकापी चाललीय. काय बिघडवलंय या पोरांनी तुमचं?"

"शाळेत निबंध लिहायला शिकलीत, एवढंच."

तिनं वरची वही उघडून त्याच्यापुढे धरली. 'सर्वांना हे स्पष्ट आणि ठाऊकच आहे की…' तो वाचून हसला. त्याचे सगळे निबंध असेच सुरू झाले होते, त्याच्या वडिलांचेही. वसंत ऋतू असो, आई असो की झाडांचे उपयोग, सगळं सर्वांना ठाऊकच असायचं. रोशनकनं या उन्हाळ्यात वाचनालयातल्या आपल्या वर्गाच्या मुलांना वेगळंच काम लावलं होतं. घरी बसायचं आणि रोज पाच ओळी लिहायच्या. गच्चीवरच्या मुंगीवर लिहा, आजोबांच्या घोरण्यावर लिहा, काहीही चालेल. फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं तयार वाक्य चालणार नाही. त्यावर हिरवी काट.

"म्हणजे त्या खानूम तुम्हीच," तो म्हणाला. "मी ईरज. माझी भाची दीबा तुमच्याकडे आहे. परवा मी आईला म्हटलं, 'मी तुझ्या पायाची धूळ,' तर ही नऊ वर्षांची बया म्हणते, मामा, काट."

रोशनक खळखळून हसली. रस्त्यावर आल्यावरही हसू ओठांवर होतं आणि ऊन मघापेक्षा कमी लागत होतं.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. पंख्यासाठी, असं तिनं स्वतःला बजावून सांगितलं होतं. वाचनालयातला पंखा एव्हाना दुरुस्त झाला होता ही गोष्ट वेगळी.

इकडे वह्या मात्र गळायला लागल्या. चौदाच्या अकरा झाल्या, अकराच्या सहा. कोणी मामाकडे गेलं, कोणाला पोहायला लावलं, कोणी नुसतंच कंटाळलं. रोशनकनं गळलेल्या एकेकाच्या आईला फोन लावला. प्रत्येकीनं होकाराचं तेच गोड उत्तर दिलं, "डोळ्यांवर, खानूम. तुमचा शब्द आमच्या डोळ्यांवर." आणि डोळ्यांवर घेतलेला तो शब्द तिथेच राहिला. शेवटी वाचनालयाच्या मुख्य बाईंनी तिला बोलावलं. शहरीवर या उन्हाळ्याच्या अखेरच्या महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारपर्यंत निदान दहा वह्या भरल्या तर ठीक, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात तिच्या वर्गाची खोली गणिताच्या शिकवणीला द्यायची होती.

"दहा कशाला? बारा आणते," रोशनक म्हणाली. बाहेर आल्यावर तिला आपल्याच जिभेचा राग आला. पण माघार घेणं तिच्या स्वभावात नव्हतं.

ईरजला तिनं हे हसत हसतच सांगितलं. त्यानं किसणी बाजूला ठेवली.

"गुरुवारी पाच वाजता सगळ्यांना इथे धाडा. जो वही दाखवील त्याला वाटीभर फालूदा. माझ्याकडून."

"छे, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? चौदाच्या चौदा येऊ देत. डोळ्यांवर."

ती गोड हसली, आभार मानले आणि दुकानाची पायरी उतरता उतरता ते विसरूनही गेली. डोळ्यांवर… या आठवड्यात तो शब्द तिनं आठ आयांकडून ऐकला होता. मुलांना ती काहीच बोलली नाही. गुरुवारी ती माहानला मावशीकडे गेली आणि दुपारभर जर्दाळू खात बसली.

शनिवारी दुकानात शिरताच काहीतरी बिनसल्यासारखं वाटलं. ईरजनं वाटी पुढे ठेवली आणि पाठ फिरवली. थट्टा नाही, चौकशी नाही. निघताना तिनं विचारलं, "किती झाले?"

त्यानं आकडा सांगितला.

राहू द्या नाही, दुकान तुमचंच नाही. नुसता आकडा. उभ्या करमानमध्ये आजवर तिच्याशी इतकं तुसडेपणानं कोणी वागलं नव्हतं. तिनं पैसे ठेवले आणि ताठ मानेनं बाहेर पडली. पुढचे दोन दिवस ती त्या रस्त्यानं गेली नाही आणि दोन्ही दिवस तिला चैन पडलं नाही. तयार वाक्य म्हणून ज्याची ती टिंगल करायची, तेच ऐकायला तिचे कान आसुसले होते. आपल्याला तो आवडतो, हे तिला तेव्हा अगदी लख्ख कळलं. कळलं आणि भलताच संताप आला.

मंगळवारी दीबानं वही आणून दिली. रोशनकनं पेन्सिल सरसावली आणि वाचायला लागली.

'गुरुवारी मामानं चौदा वाट्या भरून ओळीनं मांडल्या. तो दरवाजात उभा राहिला आणि कोणी आलं नाही. बर्फाचं पाणी झालं, मग त्यानं वाट्या शेजारी वाटून टाकल्या. आजीनं विचारलं, काय झालं, तर म्हणाला काही नाही. दाढी उगाच केली, असं तो आरशाला म्हणाला.'

हिरवी पेन्सिल हवेतच थांबली. पाच ओळींत काट मारण्यासारखा एक शब्द नव्हता.

भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ती दुकानात पोचली. ईरज एकटाच होता.

"मला वाटलं, तारोफ आहे," ती धाप टाकत म्हणाली.

"मी डोळ्यांवर म्हणालो होतो."

"सगळेच म्हणतात."

"मग खानूम, खरं बोलायचं असेल तर माणसानं म्हणायचं तरी काय? तुम्हीच सांगा. तुम्ही शिकवता ना?"

रोशनकनं पिशवीतून एक कोरी वही काढली आणि गल्ल्यावर ठेवली.

"ते तुम्हीच शोधा. घरी बसून. रोज पाच ओळी."

"मी? या वयात?"

"नियम तोच. काट मीच मारणार." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि येत्या गुरुवारी पाच वाजता पोरांना मी स्वतः घेऊन येतेय. चुकले मी, ईरज. माफ करा… दाढी मात्र करून या."

ईरजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दीबा…" तो दातांत पुटपुटला.

त्या गुरुवारी सहा मुलं आली. फालूदा खाता खाता एकमेकांच्या ओळी वाचू लागली. एकीनं लिहिलं होतं की आजोबांचे दात रात्री पेल्यात हसतात. हे ऐकून दुसऱ्याला आपल्या आत्याची वेणी आठवली. पुढच्या गुरुवारी नऊ आली. वही सोडून दिलेल्यांना घरी चैन पडेना, कारण पेल्यातल्या दातांचं पुढे काय झालं ते फक्त दुकानात कळत होतं. आयांना आता कुणाला सांगावं लागत नव्हतं, उलट पोरं दुपारी झोपू देत नाहीत, दार लावून लिहीत बसतात, अशा तक्रारी यायला लागल्या. त्या तक्रारी ऐकताना रोशनक गालात हसायची.

ईरजची वही सगळ्यांत शेवटी तपासली जायची. पहिल्या पानावर होतं, 'सर्वांना हे स्पष्ट आणि ठाऊकच आहे की फालूदा प्रकृतीला थंड असतो.' पान अख्खं हिरवं झालं. दीबा टेबलावर हात आपटून हसली. दुसऱ्या आठवड्यात दर पाचांतल्या तीन ओळी गेल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यानं तक्रार केली.

"खानूम, दया नावाची काही चीज?"

"ती शब्दकोशात आहे. तुमची ओळ कुठंय?"

मग मोर्दाद महिन्यात एकदा तिला ओळ सापडली, 'बर्फ किसताना बाबा गुणगुणायचे. मला गाणं येत नाही, पण त्यांच्या गाण्याच्या वेळी मी हात जरा सावकाश चालवतो.' रोशनकनं वही मिटली आणि पेन्सिल रुमालात खोचली. ईरजनं तिच्या वाटीत थोडं लिंबू पिळलं, एवढंच.

शहरीवरचा शेवटचा गुरुवार उजाडला. मुलांनी वह्या टेबलावर रचल्या. दीबानं मोठ्यानं मोजल्या, अकरा. खोली वाचली होती, पुढचा उन्हाळा वाचला होता. रोशनकनं सुस्कारा सोडला, तोच अकरा वह्यांवर आणखी एक वही येऊन पडली.

"बारा म्हणाला होतात ना बाईंना?" ईरज म्हणाला. "मी पोर नाही, पण घरी बसून लिहिलंय."

"बाईंना काय सांगू?"

"सांगा, अभ्यासात कच्चा आहे, पण येतो नियमित."

मुलं बाहेर अंगणात वाट्या घेऊन पळाली. दीबा तेवढी आपल्या चमच्याशी खेळत मागे रेंगाळली. रोशनकनं बारावी वही उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं…

'खानूम सरबत आधी पितात आणि सब्जा तळाशी राखून ठेवतात.

काट मारताना ओठ दाबतात. ओळ आवडली की पेन्सिल रुमालात खोचतात.

शनिवार ते बुधवार मी दाराकडे बघत नाही, असं मी आईला सांगतो.

गुरुवारी मी फरशी तीनदा पुसतो.

पाचवी ओळ तोंडी सांगायची आहे.'

तिनं मान वर केली. ईरज समोर उभा होता, हात फडक्याला पुसत. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"खानूम, मी तुमच्या पायाची—"

हिरवी पेन्सिल उचलली गेली.

"बरं… तुमच्यावरून जीव ओवाळून—"

पेन्सिल हवेत आडवी फिरली. तिच्या ओठांवर हसू होतं. पण यानं आता पुन्हा एखादं तयार वाक्य काढलं तर आपल्याला रडू येईल, असं तिला वाटलं.

ईरज थांबला. फडकं बाजूला ठेवलं.

"माझं तुमच्यावर प्रेम आहे," तो हळू म्हणाला. "हे वाक्य फार जुनं आहे, मला माहीत आहे. पण मी ते अजून कुणाला म्हटलेलं नाही. ते नको असेल तर काट मारा… मी घरी जाऊन पुन्हा लिहून आणीन."

पेन्सिल हलली नाही. बाहेर कुणाची तरी वाटी पडून खणखणली.

"आईला घेऊन तुमच्या घरी येऊ?" त्यानं विचारलं.

अशा वेळी काय करायचं हे करमानची प्रत्येक मुलगी जाणते. पहिल्यांदा नजर खाली. दुसऱ्यांदा, घरच्यांना विचारते. तिसऱ्यांदा, हो. लग्नाला बसल्यावरसुद्धा नवरीला तीनदा विचारावं लागतं, पहिल्या दोन्ही वेळा ती गप्प राहते आणि मैत्रिणी सांगतात की नवरी फुलं खुडायला गेलीय. रोशनकच्या आईनं तसंच केलं होतं आणि आजीनंही.

"या," रोशनक म्हणाली.

ईरज बघतच राहिला. "पहिल्याच वेळी? खानूम… तारोफ तर नाही ना?"

"दुसरं आणि तिसरं उत्तर तयारच असतं. सगळ्यांना ठाऊक असतं ते. हे माझं आहे."

दीबानं चमचा खाली ठेवला आणि घाईघाईनं आपली वही शोधायला लागली. रोशनकनं तिला अडवलं नाही. तिनं ईरजची वही मिटली, इतर अकरांच्या वर ठेवली आणि हिरवी पेन्सिल रुमालात खोचली.