बारा बाटल्या, एकच नळ

"ताई, एवढी सही करून टाका ना... तुमचं काय, चार महिन्यांत रिटायरच व्हायचंय!" असं म्हणत भावजयीने टाइप केलेला कागद चहाच्या कपाशेजारी सरकवला आणि वर पेनाचं टोपणही काढून दिलं.

ताईने कागद वाचला. 'माझ्या हलगर्जीपणामुळे मुदत संपलेलं रसायन वापरलं गेलं, त्यामुळे तपासणीचे आकडे चुकले...' धडधडीत खोटं! शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत तिची एकतीस वर्षं गेली होती, आणि तारीख बघितल्याशिवाय तिने रसायनाच्या बाटलीचं झाकण एकदाही उघडलं नव्हतं. गुन्हा कुणाचा, ते या घरात सगळ्यांना पुरतं ठाऊक होतं. तो टेबलापलीकडे मान खाली घालून बसला होता, तिचा धाकटा भाऊ, आईचा लाडका सोन्या.

सोन्याही त्याच खात्यात होता. रोज सकाळी बारा वस्त्यांत जायचं, प्रत्येक वस्तीच्या अगदी शेवटच्या नळाचं पाणी बाटलीत भरायचं, वस्तीच्या नावाची चिठ्ठी डकवायची आणि बाटल्या ताईपुढे आणून ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. ताई त्यात रसायनाचे थेंब टाकणार, पाणी पिवळं झालं की जंतुनाशक तिथवर पोचलं असं समजायचं, आणि तिची सही. आणि हा पठ्ठ्या आठ महिने बाराच्या बारा बाटल्या ऑफिसमागच्या एकाच नळाखाली भरत होता! आता खालच्या वस्तीतली त्रेसष्ट माणसं जुलाब-उलट्यांनी दवाखान्यात होती, आणि आठ वर्षांच्या एका मुलीने तीन दिवस डोळे उघडले नव्हते. दहा वाजता चौकशी होती.

"कर गं सही," आई डोळे पुसत म्हणाली. "त्याला दोन लेकरं आहेत. तुझ्यामागे कोण आहे?"

तुझ्यामागे कोण आहे!... वडील गेले तेव्हा ताई सत्तावीसची आणि सोन्या अकराचा. ठरलेलं लग्न तिने मोडलं ते याच आईच्या शब्दाखातर, याच भावाच्या शाळेखातर, आणि आज त्याच रिकामपणाकडे बोट दाखवून तिची अब्रूही मागितली जात होती!

"सगळेच करतात असं!" सोन्या एकदम उसळला. "पलीकडच्या विभागातला माणूस तर गाडीतून खालीसुद्धा उतरत नाही. मग मी एकट्यानेच का भोगायचं?"

"सगळे करतात?" ताई उठून उभीच राहिली. "उद्या डॉक्टरने तुझ्या लेकराला हातही न लावता गोळ्या लिहून दिल्या, तर चालेल तुला? बस चालवणाऱ्याने ब्रेक न बघता बस काढली तर? रोज पेपर वाचून जगाला शिव्या घालतोस, देश बिघडला म्हणतोस! जग म्हणजे कोण रे? दुसऱ्यांनी सचोटीने वागायचं, आणि तू?..."

बोलता बोलता तिला त्या बाटल्या आठवल्या. टाकीजवळचं पाणी गडद पिवळं व्हावं, लांबचं फिकट, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. आणि आठ महिने बारा बाटल्यांना अगदी एकसारखा रंग येत होता. दिसत होतं तिला! लहानपणी त्याने शेजारची काच फोडली की 'माझाच धक्का लागला' म्हणून पुढे होणारी हीच ती बहीण, तिने याही वेळी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. स्वतःचा असा संताप तिला जन्मात आला नव्हता.

तिने कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहिलं: 'सगळ्या बाटल्यांचा रंग सारखा येतो, हे आठ महिने मला दिसत होतं. तरी मी सह्या केल्या.' खाली ठसठशीत सही केली.

"हे माझं. तुझं तू लिही, सोन्या. तुझ्या वाट्याचं मी आता लिहिणार नाही."

"वैरीण आहेस तू त्याची!" आई किंचाळली.

"होते, आई... त्याच्या प्रत्येक चुकीवर पांघरूण घालत होते ना, तेव्हा होते."

चौकशीच्या खोलीत साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "बाई, कुणाला वाचवताय का?"

"वाचवलं तेवढं पुरे झालं, साहेब."

इतक्यात दार ढकलून सोन्या आत आला. शर्ट घामाने चिंब, बूट चिखलाने माखलेले.

"खालच्या वस्तीतून येतोय, साहेब. शेवटचा नळ कुठंय, ते लोकांना विचारत विचारत जावं लागलं... आठ महिने त्या वस्तीची चिठ्ठी लावतोय मी, आणि मला नळच माहीत नव्हता!" आणि तो थोराड माणूस भिंतीला टेकून हमसाहमशी रडू लागला. "ताईला यातलं काही..."

"खोटं नको," ताई म्हणाली. मग त्याने डोळे पुसले, कागद मागितला आणि सगळं लिहून दिलं.

दोघांनाही निलंबनाचे कागद हातात मिळाले. पायऱ्यांवर आई उभी होती. तिने ताईचे दोन्ही हात धरले. "त्याला मीच बिघडवलं गं... आणि त्याच्यापायी तुझा बळी दिला. मला माफ कर, पोरी!" ताईला इतक्या वर्षांचा कढ आवरला नाही.

तिथून बहीणभाऊ दवाखान्यात गेले. त्या मुलीचा बाप कॉटशेजारी बसला होता. सोन्याने हात जोडले, आपण कोण आणि काय केलं ते सांगितलं, आणि पुन्हा त्याला रडू फुटलं.

"रडू नका इथं," बाप म्हणाला. मुलीच्या तोंडावरून त्याने नजर काढली नाही. "माफी घेऊन मी काय करू? उद्या आमचं पाणी बघायला कोण येणार, तेवढं सांगा."

ताईच्या ओठांवर उत्तर आलं होतं, सवयच ती! पण ते तिने सोन्यावर सोडलं.

"नवा माणूस येईल," तिच्याकडे न बघता सोन्याच म्हणाला. "नाही आला तर त्याच्या दारात जाऊन मी त्याला घेऊन येईन. नोकरी असो नसो."



"किती वाजता?" बापाने विचारलं.

"सहाला," सोन्या म्हणाला.