दानाची व्हॅन

गाडी पोचवून यायचं, एवढंच काम होतं. संध्याकाळी सातला निघायचं, पादरा गावाच्या पुढं सेवा मंडळाचा दवाखाना आहे तिथं गाडी उभी करायची, किल्ली आणि कागद देऊन शेवटच्या एस.टी.नं परत. दहाच्या आत घरी जेवायला.

तारीख मला पाठ आहे. २९ नोव्हेंबर १९९७, शनिवार. अमावास्या होती का, असं आपला वरद मधेच विचारणार, म्हणून आधीच सांगून टाकतो. होती. पण अमावास्येनं काही केलं नाही रे. जे केलं होतं ते माणसानंच केलं होतं.

तो माणूस म्हणजे हेरंब चिटणीस. आपल्या वासण्याचाच, मागच्या गल्लीतलं कोपऱ्यावरचं घर. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात अंमलदार होते, तो स्वतः नंदेसरीला एका केमिकल कारखान्यात, प्रयोगशाळेत. माणूस वाईट नव्हता. टापटिपीचा होता. चपलेला धूळ लागली की खिशातल्या फडक्यानं पुसायचा. तेव्हा बँका गाड्यांसाठी दारात येऊन कर्ज द्यायला लागल्या होत्या, आणि शहाण्णवच्या दसऱ्याला हेरंबनं पांढरी मारुती व्हॅन घेतली. घराण्यातली पहिली नवी गाडी. सीटवरचं कारखान्याचं प्लास्टिक त्यानं काढलंच नाही. कुणी बसलं की कुरकुर वाजायचं, मुलं हसायची, पण हा म्हणायचा, "राहू दे, सीट खराब होते."

पाच महिन्यांत गाडी ठोकली गेली. फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्री हा एकटाच जंबुसरच्या बाजूला मित्राच्या घरी जेवायला निघाला होता. परत आला तो डावी बाजू पार चेचून. डावा दिवा गेलेला, आतला आरसा गळून पडलेला, आणि मागचा सरकता दरवाजा पत्र्यात असा रुतलेला की मेकॅनिकनं पहार लावली तरी सरकेना. "नीलगाय आडवी आली," हेरंब म्हणाला. सगळ्यांनी मानलं. त्या रस्त्यावर येतातच नीलगायी.

नवल पुढंच होतं. त्यानं गाडी दुरुस्त करायला टाकली नाही. विम्यासाठी अर्जही केला नाही. नऊ महिने ती व्हॅन घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. हा रोज कंपनीच्या बसनं नंदेसरीला जायचा.

शेवटी बायकोनं, पूर्णिमानं, पेपरात सेवा मंडळाचं आवाहन वाचलं. जुनी, मोडकी, कसलीही गाडी द्या, आम्ही नीट करून पेशंट आणायला वापरू. ती म्हणाली, "देऊन टाकू या. शेडमध्ये गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"दे," हेरंब म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की पूर्णिमा बघतच राहिली.

मंडळाचे संपतराव स्वतः आले गाडी बघायला. सत्तरीचे, मिशाळ, घराण्यात तीन पिढ्या संस्थानच्या पलटणीत. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, "फार मोठं पुण्य करताय, चिटणीस. आम्ही गाडी मागायला लागलो ना, त्याला कारण झालं. आमच्या दवाखान्यापासून चार किलोमीटरवर एक बाई गेली हो. अडलेली. रस्त्याकडेला. नवरा धावत आमच्याकडं आला, पण आमच्याकडं वाहन कुठलं? खाट घेऊन माणसं पोचेपर्यंत संपलं होतं. मूल पोटातच."

पूर्णिमाचे डोळे भरले. "नवऱ्याचं काय झालं?"

"दहन झालं, त्यानंतर कुणाला दिसला नाही तो."

कधी घडलं, हे हेरंबनं विचारलं नाही. विचारायची त्याला गरजच नव्हती.

आता तुम्हाला खरं काय ते सांगतो. हेरंबनंच मला सांगितलेलं आहे, पुढं खूप वर्षांनी.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री नीलगाय नव्हती. माणूस होता. पादरा सोडल्यावर कडुनिंबांची रांग लागते, तिथं रस्त्याच्या मधोमध उभा, हात जोडून. झाडाखाली त्याची बायको बसलेली. लुगडं रक्तानं भिजलेलं. "साहेब, मारी बैरीने दवाखाने लई जाओ," तो काचेशी वाकून म्हणाला, माझ्या बायकोला दवाखान्यात न्या म्हणून. दवाखाना हेरंबच्या वाटेवरच होता. चारच किलोमीटर. हेरंबनं त्या बाईकडं पाहिलं, मग मागच्या सीटकडं पाहिलं. आणि म्हणाला, "पाछळ टेम्पो आवे छे. तेमां लई जजो."

मागून टेम्पो वगैरे काही येत नव्हता.

गाडी हलली तशी त्या माणसानं मागच्या दरवाजाची मूठ धरली आणि धावायला लागला. धावता धावता हाका मारत होता. त्याला झटकायला हेरंबनं गाडी डावीकडं दाबली... आणि नाल्याच्या दगडी कठड्यावर घासत नेली. मूठ सुटली. हेरंबनं मागं वळून पाहिलं नाही. जेवायलाही गेला नाही, दुसऱ्या रस्त्यानं घरी आला.

अशी ती गाडी. आणि ती तो दान करत होता.

मंडळाचा ड्रायव्हर गाडी न्यायला येणार होता. पण त्या शनिवारी दुपारी संपतरावांचा फोन आला, ड्रायव्हरला ताप आहे, तुम्हीच आणाल का? उद्या सकाळी एका पेशंटला हलवायचंय. पूर्णिमा शेजारीच उभी होती. नाही कसं म्हणणार? ती म्हणाली, "मी येऊ का सोबत?" हा म्हणाला, "नको."

सव्वासातला निघाला. उजवा दिवा तेवढा चालू. अटलादऱ्यापर्यंत रहदारी होती, मग पातळ झाली. पादरा गावात शाकभाजीची दुकानं बंद होत होती. एका टपरीवर थांबून त्यानं चहा घेतला. चहा संपला तरी ग्लास हातातच. टपरीवाल्यानं विचारलं, "आगळ जवानुं छे, काका?" पुढं जायचंय का? त्याच्या मनात आलं, इथंच गाडी ठेवावी, किल्ली या माणसाकडं द्यावी, उद्या कुणीतरी नेईल. मग त्याला सकाळचा पेशंट आठवला. आठ वाजून दहा मिनिटांनी त्यानं गाडी सुरू केली.

गाव मागं पडलं.

दोन्ही बाजूंना तुरीची शेतं. काळोख असा की उजव्या दिव्याचा उजेड पडेल तेवढाच रस्ता. डावी बाजू जणू नव्हतीच. कडुनिंब सुरू झाले. तो मनाशी झाडं मोजायला लागला. अकरा... बारा...

उजेडाच्या कडेला दोन हात दिसले.

जोडलेले.

पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. इंजिन चालू. समोर तो माणूस उभा, तोच सदरा, त्याच जागी. तोंडावर उजेड पडत नव्हता. छातीपर्यंतच पडत होता.

हेरंब मला म्हणाला, "पळावं असं वाटलं नाही. एकदा पळून झालं होतं ना."

त्यानं काच खाली केली. मग त्यानं नुसती मान हलवली. हो, अशी.

हात उजेडातून बाजूला झाले.

आणि मागचा डावा दरवाजा... पहारीनं न सरकलेला तो दरवाजा... लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. थंड वारा मानेवर आला. गाडी मागच्या बाजूला दबली. कुणीतरी बसलं. प्लास्टिक कुरकुरलं. मग आणखी कुरकुरलं. आडवं झालं.

डाव्या खिडकीशी आवाज आला. अगदी हळू, विनवणीचा. "धीमे हांकजो, साहेब." हळू चालवा.

दरवाजा सरकून बंद झाला.

आरसा नव्हता. मागं वळून पाहायची छाती नव्हती. त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली आणि हाकायला लागला. वीसच्या वेगानं. खड्डा दिसला की जवळजवळ थांबवून, मग पुढं.

पहिला किलोमीटर... मागं फक्त श्वास. ओढून घेतलेला, दातात धरलेला.

दुसरा. बांगड्या वाजल्या. त्याच्या सीटची पाठ कुणीतरी मागून घट्ट पकडली. कळ आली की पकड आवळायची, सीट मागं ओढली जायची, तो सीटसकट मागं. कळ ओसरली की सुटायची. परत यायची. लवकर लवकर.

"बाई, पोचतोय," तो म्हणाला. "पोचलोच. थोडं थांबा. पोचलोच हं..." गुजराती बोलायला हवं होतं, पण त्याला मराठीच सुचत होतं. आईशी बोलतात ती.



तिसऱ्या किलोमीटरला एक आवाज आला. तो कसला, हे हेरंबनं मला सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं नुसती मान खाली घातली.

मग सगळं शांत.

इंजिन. चाकांखालची खडी. बस.

सीटवरची पकड सुटली होती. प्लास्टिक वाजत नव्हतं. तो कान देऊन ऐकत होता. श्वास होता. बारीक, दमलेला... पण होता.

आणि त्याच्या मधेमधे दुसरा.

छोटा. भरभर चालणारा.

आता मागं दोन श्वास होते.

हेरंब रडायला लागला. रडत रडतच त्यानं गाडी दवाखान्याच्या फाटकात घातली. आठ पस्तीस झाले होते. ओट्यावर बल्ब लागलेला. संपतराव झेंडूचा हार आणि नारळ घेऊन उभे, आणि त्यांच्याजवळ चिमणाबाई, दवाखान्याच्या सुईण. साठीच्या, चाळीस वर्षांत हजारो बाळंतपणं केलेल्या. "आवो आवो, चिटणीस!" म्हणत संपतराव हार पुढं करायला लागले.

"मागं बाळंतीण आहे!" हेरंब ओरडला. "आधी तिला उतरवा!"

चिमणाबाई धावल्या. डाव्या दरवाजाची मूठ ओढली. दरवाजा हलेना. संपतरावांनी जोर लावला. पत्र्यात रुतलेला, पहिल्यासारखाच. मग बाई फिरून उजव्या बाजूला गेल्या आणि तो दरवाजा उघडून आत बॅटरी मारली.

सीटवर कुणी नव्हतं.

प्लास्टिक कोरडं. स्वच्छ.

हेरंब गाडीतून उतरून खाली बसला, फाटकाजवळच्या मातीत. आणि तिथंच, त्या दोघांसमोर, त्यानं सगळं सांगून टाकलं. टेम्पो नव्हता. नीलगाय नव्हती. सीट खराब होईल म्हणून नाही म्हणालो. संपतरावांच्या हातात हार तसाच. एकदा ते हार उचलतील आणि याच्या तोंडावर मारतील असं वाटलं. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, आणि आत निघून गेले. त्या रात्री ते पुन्हा हेरंबशी बोलले नाहीत. नंतरही फारसे नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. हेरंबनं पादऱ्याच्या चौकीत जाऊन जबाब दिला. त्यांनी लिहून घेतलं, पण पुढं काही झालं नाही. ना तक्रारदार, ना साक्षीदार. घरी पूर्णिमाला सांगितलं. ती दोन महिने माहेरी राहिली, मग आली. व्हॅन मंडळानं दुरुस्त केली, दहा-अकरा वर्षं चालली, आणि दर शनिवारी ती हेरंबच चालवायचा. किती बायका नेल्या त्यानं, गणती नाही. सीटवर प्लास्टिक नव्हतं. लोक त्याला भला माणूस म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा, पण कधी हसायचा नाही.

हे सगळं नंतरचं. त्या रात्रीचं अजून एक राहिलंय.

हेरंब मातीत बसला होता. चिमणाबाई गाडीपाशीच उभ्या होत्या. भ्यालेल्या दिसत नव्हत्या. त्या नाक वर करून वास घेत होत्या. मग गुडघ्यावर बसून त्यांनी सीटखाली बॅटरी मारली. हात आत घातला.

बाहेर काढला तेव्हा तळहातावर काहीतरी होतं. वीतभर. ओलं. निळसर.

"बाई... काय आहे?" हेरंबनं विचारलं.

त्यांनी ते बल्बखाली धरलं. बराच वेळ पाहिलं. टोकाला सुती दोऱ्याची गाठ होती. आवळून मारलेली, नीट.

"नाळ आहे," त्या म्हणाल्या. "ताजी आहे. अजून गरम आहे, चिटणीस."



"मेलेल्या पोराची नाळ कुणी बांधत नाही." त्या स्वतःशीच बोलत होत्या. "जित्या पोराची बांधतात. दोन गाठी मारायच्या, मधे कापायचं. एक गाठ आईकडं राहते, दुसरी पोराच्या बेंबीशी..."

त्यांनी अंगठा त्या गाठीवरून फिरवला.

"ही आईकडची."

कंदील घेऊन सहा माणसं गेली. चारही किलोमीटर, दोन्ही बाजू, प्रत्येक कडुनिंबाखाली, नाल्यात, तुरीच्या ओळीओळीतून. उजाडेपर्यंत शोधलं.

दुसरी गाठ सापडली नाही.